दिसायला सारखं

मानेसरला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा हवी असेल तर इंग्रजी यावं लागायचं. नियम कंपनीचा नव्हता, आमच्या सरांचा होता. सर म्हणजे आमच्या क्वालिटी खात्याचे प्रमुख. गुडगावात बस सुटायच्या ठिकाणी ते माझ्या आधी चढत, ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरत, आणि मी चढले रे चढले की शेजारच्या सीटवर थाप मारून म्हणत, "या दिल्लीकर. कंटिन्युअस आणि कंटिन्युअल. बोला."

जानेवारीतली सकाळ, धुक्यात पुढचा ट्रक दिसत नाही, स्वेटरवर शाल, शालीवर मफलर, आणि हे गृहस्थ शब्द विचारतायत! मी म्हणायचे, "दोन्ही एकच ना सर? सतत." झालं! "सतत? अगं, कसलं सतत? हा आपला ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, थांबतो, परत वाजवतो. हे कंटिन्युअल. आणि आपले एचआरवाले भाषणाला उभे राहिले की मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीत. ते कंटिन्युअस. सरक तिकडे." मी मुकाट बाहेरच्या सीटवर. माझं उत्तर बरोबर आलं तर मात्र ते स्वतः उठून खिडकी द्यायचे. त्यात त्यांनी कधी लबाडी केली नाही, हे मान्य करायलाच हवं.

मी दिल्लीची मराठी. वडील केंद्र सरकारात, घर सरकारी क्वार्टर, शाळा पहाडगंजची मराठी माध्यमाची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी म्हणजे पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली कपबशी. आहे घरात, पण रोज काढायची नाही. त्यामुळे इंजिनियर होऊन मानेसरला पहिली नोकरी लागली तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती इंग्रजीची होती, आणि नेमके नशिबी हे साहेब आले. म्हणतात ना, ज्याला भ्यावं तेच पुढ्यात यावं.

सर पुण्याकडच्या एका कारखान्यातून इकडे आलेले. पन्नाशी उलटलेली. बायको तिकडे शाळेत शिकवायची, म्हणून इथे एकटेच राहत. उंची बेताची, बूट आरशासारखे, आणि खिशात पेनाऐवजी एक चिमुकला टॉर्च. डबा स्वतः करायचे. पोळी अशी की आमच्या खात्यानं पाहिली असती तर नापास मालाच्या लाल डब्यात टाकली असती. सोबत शेंगदाण्याची चटणी. कँटीनमधल्या राजमा-चावलकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि हिंदी? बापरे! "वो डब्बा जरा बाजू को सरकाव, तुम बीच में कायको कडमडता है?" हरियाणातली पोरं पाठ फिरली की त्यांची नक्कल करून पोट धरून हसायची. सरांना ते ठाऊक होतं. ते म्हणायचे, "हसू दे की. हसले म्हणजे ऐकलं तरी."

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझे कागद उलटूनसुद्धा पाहिले नाहीत. टेबलावर लोखंडाचे दोन ब्रॅकेट ठेवले. ब्रॅकेट म्हणजे गाडीच्या सीटखाली बसतो तो वाकवलेल्या पत्र्याचा तुकडा. आम्ही तेच बनवायचो, एक छोट्या गाडीसाठी, एक मोठ्या गाडीसाठी. "फरक सांग." मी खालीवर करून पाहिले, उलटे केले, सुलटे केले आणि म्हटलं, "याचं होल जरासं सरकलंय." सर खूश. "शाब्बास. आता ॲडॉप्ट आणि ॲडॅप्ट?" मी काहीतरी ठोकून दिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांच्या पायावर कुणी हातोडा टाकला. "दिल्लीत राहतेस. इथली थंडी तू ॲडॉप्ट करत नाहीस, ती काही दत्तक घ्यायची गोष्ट नाही. तू थंडीशी जमवून घेतेस, ते ॲडॅप्ट. असो. लोखंडात पास, इंग्रजीत नापास. सोमवारपासून ये. नजर शिकवता येत नाही, इंग्रजी येतं."

त्यांचं म्हणणं अगदी सोपं होतं. दोन वस्तू सारख्या दिसल्या की माणूस बघणं सोडतो. शब्द असो, लोखंड असो. "ज्याला शब्दातला फरक दिसत नाही, त्याला पत्र्यातला काय दिसणार, कपाळ!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या शब्दांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल या जावा-जावा. एका घरात नांदतात पण एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही. एक अर्थव्यवस्थेचं बघते, दुसरी काटकसरीचं. प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब हे भाऊबंद, वाटणीवरून उभा दावा. "डॉक्टर औषध प्रिस्क्राइब करतो, म्हणजे घ्या सांगतो. सरकार पुस्तक प्रोस्क्राइब करतं, म्हणजे हात लावाल तर याद राखा." आणि क्वचित एखादी जोडी उलटीच निघायची. आमच्या नव्या स्टोअरकीपरनं रंगाच्या डब्यांशेजारी हीटर लावून ठेवला होता. डब्यांवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं. त्याचं म्हणणं, पुढे 'इन' लागलं म्हणजे न जळणारं! सरांनी हीटरची पिन उपटली, त्या बिचाऱ्याला फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही पेटतात हे पटवलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक डब्यावर हातभर अक्षरात हिंदीत लिहून घेतलं: 'जलेगा'.

सगळं असं हसण्यावारी जायचं असं मात्र नाही. माणूस तोंडाचा फटकळ होता. एका शिकाऊ पोराला त्यांनी भर मीटिंगमध्ये दोन शब्दांवरून इतकं सोललं की तो पुढच्या महिन्यात शेजारच्या कारखान्यात गेला. मलाही कितीदा वाटायचं, तो टॉर्च हिसकावून घ्यावा आणि बसच्या खिडकीतून भिरकावून द्यावा. तक्रार एचआरकडे करायची सोय नव्हती. ते खातं आणि सर यांच्यात विस्तव जात नव्हता, केली तर फितुरी ठरली असती. सर म्हणायचे, "त्या खात्याच्या नावात ह्यूमन आहे. ह्यूमेन नाही. माणसं मोजतात ते, माणुसकीची पाटी कुठे लावलीय?"

आणि गर्व! तो तर विचारू नका. "माझ्या डोळ्यांखालून आजवर एक चुकीचा तुकडा गेलेला नाही." हे वाक्य चहाच्या टपरीपासून प्लांट हेडच्या केबिनपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे तयार माल शेवटी एका टेबलावर नजरेनं तपासला जायचा. होल बरोबर जागी आहे का हे मोजायचा गेज होता, पण एकेका तुकड्याला तो लावत बसायला वेळ कुठला? म्हणून गेज नमुन्यापुरता, बाकी सगळा भरवसा डोळ्यांवर. साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूमच्या लोकांनी एकदा सुचवलं होतं, टेबलावर पिन असलेला एक साचा बसवू, चुकीचा ब्रॅकेट त्यात बसणारच नाही. सरांनी हातानंच उडवून लावलं. "नजर असताना पिन कशाला? आंधळ्याला काठी लागते."

त्यांच्यातलं मऊ काही मी पाहिलं ते एका रविवारी. संक्रांतीच्या सुमारास दिल्लीतली मराठी मंडळी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. सरांनी आम्हा चारदोन मराठी लोकांना भाड्याच्या गाडीत कोंबून तिकडे नेलं. स्मारकापाशी घोषणा चालल्या होत्या, फोटो चालले होते. सर एका बाजूला हात मागे बांधून उभे. परतताना ढाब्यावर पराठे खाताना म्हणाले, "लढाईनंतर इथे मेलेल्यांचे तोतये निघाले. घरच्यांनासुद्धा पटकन सांगता येईना." मी विचारलं, "तोतये म्हणजे बोलताना अडखळणारे ना?" सरांचा पराठा हातातच राहिला. "अगं, तो तोतरा! तोतया म्हणजे सोंग आणलेला!" इतके हसले की डोळ्यांत पाणी. मग हसू आवरून म्हणाले, "ज्या बाईचा नवरा इथून परत आला नाही, तिला वाटत असणार, असू दे तोतया, पण हाच तो असू दे. माणसाला जे बघायचं असतं ना दिल्लीकर, तेच दिसतं."  मला आपलं उगाचच त्यांच्या इथल्या रिकाम्या घराची आठवण झाली.

आता सुमनचं सांगते. सुमन म्हणजे त्या शेवटच्या तपासणीच्या टेबलावरची मुलगी. रेवाडीकडच्या खेड्यातली, बारावी झालेली, ठेकेदाराकडून लागलेली. तिच्या घरातून कारखान्यात येणारी ती पहिलीच बाई. बापाला हो म्हणायला लावता लावता तिच्या नाकी नऊ आले होते, ते ती मला हसत हसत सांगायची. कामाला चोख. सरांसमोर बोलायची नाही, पण त्यांची नक्कल सगळ्यांत झकास करायची.

एक दिवस गिऱ्हाइकाच्या कारखान्यातून फोन आला. छोट्या गाडीच्या मालात मोठ्या गाडीचे ब्रॅकेट निघाले होते. बोल्ट बसेना आणि त्यांची लाइन, म्हणजे गाड्या जोडायचं काम, थांबली. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची लाइन थांबवणं म्हणजे भर मांडवात नवऱ्या मुलाची टोपी उडवणं. परवा त्यांची मोठी माणसं जाब विचारायला येणार असं कळलं. त्या खोक्याची तपासणी कुणी केली होती? सुमननं.

ती मला बाथरूमच्या दाराशी गाठून म्हणाली, "मैडम जी, मैंने देखा था. सच में देखा था. नौकरी गई तो घरवाले दुबारा नहीं भेजेंगे. अगले महीने ही कहीं ब्याह देंगे." डोळे कोरडे होते तिचे. मी तिला काय सांगणार? मीच नोकरीत नवी. तिचा हात दाबला आणि केबिनमध्ये गेले, कारण मला बोलावणं आलं होतं.

केबिनमध्ये प्लांट हेड, एचआरचा साहेब आणि आमचे सर. प्लांट हेड पंजाबी, आवाजानं दणदणीत, मनानं वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. एचआरच्या साहेबानं गिऱ्हाइकाला द्यायचा खुलासा आधीच इंग्रजीत लिहून आणला होता. चूक 'निग्लिजिबल ऑपरेटर'मुळे झाली, ऑपरेटरला आज संध्याकाळी काढून टाकण्यात येत आहे. सरांनी तो वाचला. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ते अगदी हळू बोलले.

"आपको निग्लिजंट लिखना है क्या?"

"सेम थिंग, सर," एचआरचा साहेब म्हणाला.

"सेम नहीं है. निग्लिजंट मतलब लापरवाह. वो साबित करना पडता है. निग्लिजिबल मतलब जिसकी गिनती ही नहीं करने का. वो साबित नहीं करना पडता. वो तो आप रोज दिखाते हो."

एचआरचा साहेब लाल झाला. प्लांट हेड टेबलावर हात आपटून म्हणाला, "डिक्शनरी बाद में, साब! परसों वो लोग आ रहे हैं. मुझे एक नाम चाहिए."

"नाम मिलेगा," सर म्हणाले. "लेकिन पहले ये देखने का, वो काम आदमी से होता है क्या? होता होगा तो गलती लडकी की. नहीं होता होगा तो गलती हमारी. कल पूरी शिफ्ट उसके टेबल पे मैं बैठता हूं. आप गलत पीस मिलाव, कितने मिलाये मेरे को मत बताव. आखिर में पूरा माल गेज पे लगाके देखो."

मी लगेच म्हटलं, "सर, मी मिसळते." ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तू नाही. तू डिसइंटरेस्टेड नाहीस."

"पण मला पूर्ण इंटरेस्ट आहे!"

"तेच म्हणतोय मी. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याला कुठल्याच बाजूचं काही पडलेलं नाही, तो. तू तिच्या बाजूची. हेडसाहेबच मिसळतील. त्यांना मी जिंकलेला चालेल, हरलेलाही चालेल."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी शब्द विचारला नाही. मीच विचारलं, "सर, आणि तुम्ही सगळे पकडलेत तर?"

"पकडणारच. आजवर एक गेलेला नाही."

"मग सुमन?"

"मग चूक तिची."

माझं टाळकंच सरकलं. "म्हणजे तुम्ही तिला वाचवायला नाही बसत आहात?"

"मी बघायला बसतोय."

"वाचवणं आणि बघणं हे काही सारखे दिसणारे शब्द नाहीत, सर. एवढं मलाही कळतं," मी फणकाऱ्यानं म्हटलं आणि तोंड फिरवलं. ते टॉर्चचं बटण चालू-बंद करत बसले. यार, त्या क्षणी इतका राग आला होता मला त्यांचा! पण अजूनही वाटतं, थोडी लबाडी करा असं मी म्हणाले असते, तर त्यांनी मला त्याच दिवशी खात्यातून काढलं असतं. आणि बिल्कुल बरोबर केलं असतं.

सर सुमनच्या खुर्चीत बसले. तिच्यासारखीच टोपी, तिचेच हातमोजे. डावीकडून क्रेट यायचा, तुकडा उचलायचा, फिरवायचा, उजवीकडे टाकायचा. चुकीचा असेल तर मागच्या लाल डब्यात. सुमन भिंतीशी उभी. थोड्याच वेळात लाल डब्यात पहिला तुकडा पडला, ठण्ण! सरांनी मानसुद्धा वर केली नाही. मग दुसरा. ठण्ण! प्रत्येक आवाजाला सुमनचा चेहरा उतरत चालला. आसपासची पोरं काम करता करता माना वळवत होती. ज्या माणसाचं नाक खाली यावं म्हणून सगळा फ्लोअर वर्षानुवर्षं टपून होता, त्याचं नाक खाली यावं म्हणून आज सगळे मनापासून प्रार्थना करत होते. मी पण. देवा, एक सुटू दे. फक्त एक.

जेवणाच्या सुट्टीत ते खुर्चीतून उठले नाहीत. चटणी-पोळी तिथेच खाल्ली. "तिला जेवायला सोडतात की," मी म्हटलं. "सोडतात, पण घाईत येते परत," ते म्हणाले. दुपारनंतर पत्रा वाकवणाऱ्या प्रेसचा आवाज डोक्यात बसतो. वरची ट्यूब तुकड्यांच्या झिंकच्या मुलाम्यावर चमकते आणि सगळं पांढुरकं दिसायला लागतं. सरांनी एकदा डोळे चोळले. मग परत. लाल डबा बराच वेळ गप्प होता. आता चुकीचा माल संपला म्हणून गप्प, की सरांना दिसत नाही म्हणून गप्प, कुणाला कळणार?

शिफ्ट संपली. प्लांट हेड स्वतः आला, सोबत एचआरचा साहेब. सरांनी पास केलेला माल त्यानं एकेक करून गेजवर लावायला घेतला. बसतोय, बसतोय, बसतोय. सर हातमोजे काढून निवांत उभे. मी सुमनकडे बघायची हिंमत केली नाही. आणि मग एक तुकडा गेजवर अडला. प्लांट हेडनं तो जोर लावून बघितला. नाही बसला.

"साब," तो हळूच म्हणाला, "ये आपने पास किया है."

सरांनी तो घेतला. टॉर्च काढला. होलवर उजेड टाकला, तुकडा उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दिसला नाही मला," ते म्हणाले. मराठीत. माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही. "माझ्या हातातून गेला आणि मला दिसला नाही."

एचआरचा साहेब हसत म्हणाला, "अरे, सर ने जान-बूझके छोड़ा है. लड़की को बचाने के लिए. ये टेस्ट नहीं माना जाएगा."

सुमननं भिंतीला हात टेकला. प्लांट हेड सरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इनका मुंह देख पहले. ऐसा मुंह जान-बूझके नहीं बनता."

मग सरांना कंठ फुटला. सगळ्या फ्लोअरला ऐकू जाईल असं म्हणाले, "मैंने छोडा. मेरे से नहीं हुवा. टूलरूम पिन लगाने को बोला था, मैंने मना किया. अपने आंख के घमंड में मना किया. आपको एक नाम चाहिए था ना, हेडसाब? मेरा लिखो."

आणि खरंच तेच लिहिलं गेलं. गिऱ्हाइकाची माणसं आली, टेबलावर बसवलेली नवी पिन त्यांनी पाहिली, चुकीचा ब्रॅकेट स्वतः लावून पाहिला, बसेना. सरांना त्यांनी सगळ्यांसमोर जे ऐकवायचं ते ऐकवलं. सर हात मागे बांधून उभे राहिले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'एक तुकडा गेलेला नाही' हे वाक्य त्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. शब्द मात्र सुटले नाहीत हो! त्याच आठवड्यात त्यांनी मला सेन्सिबल आणि सेन्सिटिव्हवरून खिडकीच्या जागेवरून उठवलं. आज माझ्या हाताखाली माझं स्वतःचं खातं आहे, आणि कुणाला कामावरून दोष द्यायच्या आधी मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसते. लोकांना वाटतं, हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले.

पण सगळ्या प्लांटनं मात्र सरांचं ऐकलंच नाही. कँटीनमध्ये, बसमध्ये, गेटवर एकच गोष्ट: साहेबानं पोरीसाठी मुद्दाम तुकडा सोडला. मोठ्या मनाचा माणूस! पोरं नक्कल करायची ती थांबली, उलट सलाम ठोकायला लागली. सर चिडायचे, "मुद्दाम नाही रे बाबांनो," म्हणायचे, तर ती आणखीच भारावायची.

सुमन पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या खोलीत आली. डोकं झाकलेलं, आवाज खालचा. ती म्हणाली, "साब, आपने मेरे लिए अपनी नाक कटवा ली. मुझसे तो गलती हुई थी. मैं ध्यान रखूंगी आगे से." आणि पाया पडायला वाकली.

सर खुर्चीसकट मागे सरकले. "अगं, ए, हे काय... दिल्लीकर, तू सांग हिला. नीट हिंदीत सांग, माझं कडमडेल काहीतरी. म्हणावं, तुझ्यासाठी नाही केलं मी. मी पकडायलाच बसलो होतो. सगळे पकडले असते तर तुला घालवलं असतं, हेसुद्धा सांग. सगळं सांग. तुला तो दिसला नाही, तसाच मला दिसला नाही. तू ध्यान दिलं होतंस. मीही दिलं होतं."

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. घालवलं असतं, हेसुद्धा सांगितलं.

सुमन पेढ्यांचा डबा धरून उभीच. माझ्याकडे नाही, सरांकडे बघत होती. म्हणाली, "सच में नहीं दिखा, साब? आपको भी?"

"नहीं दिख्या," सर म्हणाले.

तेव्हा ती रडली. नोकरी राहिली असं कळलं त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता मात्र खाली फरशीवर बसून ढसाढसा रडली, आणि सर तिच्यासमोर उकिडवे बसून त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.